ताईच्या हळदीचा लवाद

मी लातूरच्या कोर्टात वकिली करते. माझ्याकडं येतात त्या भावाभावांच्या वाटण्या, बांधाची भांडणं आणि न वटलेले चेक. त्यामुळं एका सकाळी नांदेडहून ताईचा फोन आला आणि ती म्हणाली, "अगं, माझ्यावर अमेरिकेतून केस झाली. सिंगापूरला चालणार हाय म्हणं," तेव्हा मला वाटलं, हिला कुणीतरी फोनवरून गंडवून राहिलंय. मी विचारलं, "ओटीपी दिलास का कुणाला?" तर ती अशी काही उखडली! "वकील हायस का कोण हायस तू? नोटीस हाय म्हणते मी. इंग्रजीत. वर माझं नाव, आन् पानोपानी फ्रॉड फ्रॉड लिहिलंय."

नेमका फ्रॉड हा शब्द तिला वाचता आला, हे वाईट झालं. बाकीचं इंग्रजी मी तिला जरा मऊ करून सांगितलं असतं.

ताई माझी मोठी बहीण. नांदेडला तिचं हळदीचं काम आहे. शेतकऱ्यांकडून वाळलेली हळकुंडं घ्यायची, निवडायची, साफ करायची, पोती भरून पाठवायची. गावाबाहेर एक शेड, त्यात यंत्रं, हाताखाली निवडणाऱ्या बाया, आणि मोंढ्यात, म्हणजे घाऊक धान्यबाजारात, बसायला एक छोटी जागा. आमच्या बौद्ध वस्तीतून मोंढ्यात पोती उचलायला पुष्कळ माणसं गेली होती. तिथं गादीवर बसून भाव बोलायला कुणी गेलं नव्हतं. ताई गेली. सुरुवातीला तिच्या मालाचं पोतं लोक तळापर्यंत उकरून बघायचे. तीच माणसं शेजारच्या दुकानात वरच्यावर हात फिरवायची आणि माल उचलायची. ताईनं ते वर्षानुवर्षं सोसलं, एका शब्दानं कुणाला काही म्हणाली नाही. मग कधीतरी हे उकरणं बंद झालं. "बाईचा माल हाय, काय बघायचं त्यात," असं व्यापारी म्हणायला लागले. एवढं ऐकायला तिची उमेदीची वर्षं गेली होती. आणि आता हा कागद.

दुसऱ्या दिवशी सगळी कामं सोडून मी एसटीनं नांदेडला निघाले. तिनं व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस वाटेत वाचत होते. अहमदपूर येईपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं. ताईनं मुंबई बंदरातून पहिल्यांदाच माल परदेशी पाठवला होता. घेणारी कंपनी अमेरिकेतली, हळदीचा अर्क काढणारी. त्यांनी करारात स्पष्ट लिहिलं होतं, हळकुंडं बिनपॉलिशची पाहिजेत. म्हणजे शेतातून आली, शिजली, वाळली, तशीच, खडबडीत सालीसकट. आणि ताईनं पाठवलेला माल कसा, तर गुळगुळीत आणि पिवळाधमक.

शेडवर पोचल्या पोचल्या, पाणीसुद्धा न पिता मी विचारलं, "तू पॉलिश केलंस?"

"केलं ना."

"ताई, त्यांनी नको म्हणून लिहिलं होतं."

"अगं, पैसे वाचवायला लिहित्यात ते. पॉलिशची मजुरी द्यायला नगं म्हणून. मोंढ्यात बी म्हणत्यात की. म्हटलं, नगा देऊ, मी माझ्या पदरचं करते. पहिल्यांदा आपला माल समुद्रापल्याड चालला, तसाच मळकट धाडू का? लेक सासरी धाडताना तिचं डोकं तरी विंचरतो का न्हाई आपण?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पॉलिश म्हणजे हळकुंडं मोठ्या ड्रममध्ये फिरवायची. एकमेकांवर घासून साल निघते. शेवटच्या फेऱ्यात वरून हळदीच्याच पुडीचं पाणी शिंपडायचं, की चमक येते. आमच्याकडं बिनपॉलिशचा माल पाठवणं म्हणजे गिऱ्हाइकाची किंमत न ठेवणं. ताईनं स्वतःच्या खर्चानं ड्रम फिरवला होता. शेवटचं पाणीसुद्धा बायांना शिंपडू दिलं नव्हतं, स्वतःच्या हातानं शिंपडलं होतं. आणि तिकडं त्यांचं म्हणणं असं, की खराब मालाची साल दिसू नये म्हणून हिनं मुद्दाम वरून रंग चढवला. त्यांच्याच प्रयोगशाळेनं वरचा थर तपासला. काय निघालं? हळद! हळदीवर हळद निघाली, तरी ते म्हणतात फ्रॉड. मी तिथल्या तिथं दोघांनाही शिव्या घातल्या, कंपनीला मनात आणि ताईला तोंडावर.

करार मोडला होता, त्यात वादच नव्हता. बिनपॉलिशचं ठरलं आणि पॉलिशचं गेलं. तो माल त्यांच्या कामाचा राहिला नाही, त्यांना दुसरीकडून घ्यावा लागला. ते नुकसान भरून देणं भागच होतं. पण नोटिशीत दुसरी मागणी होती, तिनं माझी झोप उडवली. दंडात्मक भरपाई. झालेलं नुकसान वेगळं, त्याच्या वर फसवलं म्हणून शिक्षा, नुकसानीच्या कितीतरी पट. आपल्या कायद्यात कराराच्या भांडणात हे नसतं. आपला कायदा म्हणतो, समोरच्याचं नुकसान बघा, तेवढं भरा आणि घरी जा. कुठल्या मनानं मोडलं, ते विचारत नाही. ती कंपनी अमेरिकेतल्या ज्या राज्यातली, त्या राज्याचा कायदा म्हणतो, मुद्दाम फसवलं असेल तर अशी अद्दल घडवा की पुन्हा कुणी करू धजणार नाही. आणि ताईनं सही केलेल्या करारात दोन ओळी होत्या. भांडण झालं तर सिंगापूरला लवादापुढं मिटवायचं, आणि कराराचा अर्थ त्या राज्याच्या कायद्याप्रमाणं लावायचा. भाव पहिल्या पानावर होता, हे शेवटच्या पानावर. कोण वाचतंय?

ती शिक्षा लागली असती तर शेड, यंत्रं, मोंढ्यातली जागा, सगळं विकूनही पुरलं नसतं. मी ताईला ते नीट बसवून समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते राहू दे गं. नुकसान झालं आसंल तर भरते मी. पण मी फसवलं न्हाई, एवढं त्यांच्याकडून लिहून घे."

"ताई, लवाद काय चारित्र्याचा दाखला देत नसतो."

"त्यांनी लिहिलंय ना फ्रॉड म्हणून? मंग न्हाई म्हणून बी लिहू दे कुणीतरी."

मी म्हटलं, बघू. असं बघू म्हणायची आम्हा वकिलांना सवयच असते.

मुंबईतल्या एका नावाजलेल्या वकिलांच्या ऑफिसात फोन लावला. नुसत्या पहिल्या बैठकीचं जे सांगितलं, ते ऐकून मी "बरं, कळवते" म्हणून फोन ठेवला आणि कळवलं नाही. मग काय, मीच उभी राहायचं ठरवलं. लवादाचं काम हल्ली व्हिडिओवर चालतं, म्हणजे माझ्या लातूरच्या ऑफिसात बसूनही सिंगापूरची केस चालवता येणार होती. बार रूममध्ये बातमी पसरली आणि सगळ्यांना ऊत आला. "काय मॅडम, सिंगापूर! येताना आमच्यासाठी डोकेदुखीचा बाम आणा." एका ज्येष्ठ वकिलांनी तर बाजूला घेऊन अगदी गंभीरपणे सांगितलं, "आपल्याकडं दावा टाका, स्टे घ्या, आरामात पंधरा वर्षं चालवू." त्यांना खरंच वाटत होतं की ते मला मदत करून राहिलेत.

त्यानंतरचे कित्येक महिने मी दिवसा बांधाची भांडणं लढले आणि उरलेल्या वेळात परक्या देशांचे निकाल वाचले. डोकं पिकलं नुसतं. एका देशातला लवाद म्हणतो, दंड लावायचा अधिकार मला आहे. दुसऱ्या देशातलं कोर्ट म्हणतं, असला दंड आमच्याकडं वसूल होणार नाही. तिसरा म्हणतो, आधी कुठला कायदा लागू ते ठरवा. अरे, मग ठरवा ना! पण ते ठरवण्याचाही कायदा कुठला, यावर पुन्हा भांडण. मी एकटीच खुर्चीत बसून बोंबलत होते.

शेवटी धागा सापडला. करारात लिहिलं होतं, "अर्थ" त्या राज्याच्या कायद्याप्रमाणं लावायचा. अर्थ लावणं वेगळं, शिक्षा करणं वेगळं. शिक्षेबद्दल करार गप्प होता. माल नांदेडला तयार झाला, मुंबईच्या बंदरात त्यांच्या ताब्यात गेला, म्हणजे जे काही झालं ते इथं झालं. तेव्हा करार मोडल्याचा परिणाम काय, हे भारताच्या कायद्यानं ठरवा. भारताचा कायदा लागला की फक्त भरपाई, दंड नाही. मी इतकी खूश झाले की ताईला ताबडतोब लातूरला बोलावून घेतलं.

ती आली तीच उतरलेल्या चेहऱ्यानं. मोंढ्यात केसची कुणकुण लागली होती. पिशवी खाली ठेवता ठेवता तिनं सांगितलं, "काल एकानं पोतं उकरलं, तळापर्यंत. काही बोलला न्हाई. मी बी बोलले न्हाई." माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्या माणसाचा उद्धार करत होते आणि ती शांतपणे चपला काढत होती.

चहा झाल्यावर मी तिला माझा धागा समजावून सांगितला. मला वाटलं, पाठीवर थाप मारील. तिनं कपबशी बाजूला सारली.

"म्हंजे तू त्यांना सांगणार, माझ्या मनात काय होतं ते बघूच नका."

"हाव. तेच सांगणार. आपल्या कायद्यात मन बघत नाहीत, हाच आपला बचाव."

"आन् एखादा खराच लबाड माणूस तुझ्याकडं आला असता, तर त्याच्यासाठी काय सांगितलं असतंस?"

"हेच."

"मंग माझ्यात आन् त्याच्यात फरक काय राहिला?"

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "फरक हा, की तुझी शेड राहील! बायांचं काम राहील! अजून काय पाहिजे तुला?" ती म्हणाली, "त्या राज्याच्या कायद्यात विचारत्यात ना, कोणत्या मनानं केलं म्हणून? मंग तोच लागू दे की. विचारू दे मला. मी काय भिते का?" मी तिला सांगितलं की तिथं विचारतात ते शिक्षा करायला विचारतात, कौतुक करायला नाही. समोरचा वकील तुझ्या एकेका वाक्याचं भरीत करील. बायांनाही साक्षीला आणायचं ती म्हणत होती, त्यांनी पाहिलंय म्हणून. मी साफ नाही म्हणाले. शेवटी ती म्हणाली, "तू शिकलेली हायस, तुला कळतं. कर तुझ्या मनासारखं." हे वाक्य आमच्या घरात माणूस चिडल्यावरच म्हणतो.

सुनावणी माझ्या ऑफिसात झाली. इन्व्हर्टर नवा बसवला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला यंत्र बंद ठेवायला सांगितलं. पडद्यावर लवाद म्हणून एकच बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, तिसऱ्याच देशातल्या, शांत. समोरचा वकील तरुण आणि इतका अदबशीर की मला त्याचा रागसुद्धा नीट येईना. पुण्याहून एक दुभाषी मुलगी जोडलेली होती. ताई इस्त्रीची पांढरी साडी नेसून ताठ बसली होती. तिला मी शंभरदा बजावलं होतं, जेवढं विचारतील तेवढंच बोल.

त्यानं विचारलं, "करारात बिनपॉलिशचा माल लिहिला होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हाव, म्हाईत होतं."

"तरी तुम्ही पॉलिश जाणूनबुजून केलंत?"

मी मनात म्हणत होते, ताई, सावकाश, ताई, सावकाश.

"जाणूनच केलं," ताई म्हणाली, "झोपेत करत्यात का? मन लावून केलं. शेवटचा हात तर मी स्वतः फिरवला. दुसऱ्या कुणाला लावू दिला न्हाई."

दुभाषी मुलीनं ते इमानानं इंग्रजीत केलं. समोरच्यानं आभार मानले आणि म्हणाला, मला आणखी काही विचारायचं नाही. घ्या! इतके महिने मी कायद्याची भिंत रचून राहिले, आणि आमच्या ताईनं अर्ध्या मिनिटात त्याला दार उघडून दिलं. लवाद बाईंनी ताईकडं बघितलं. त्या काहीतरी विचारतील असं मला वाटलं. ताईलाही वाटलं असणार, कारण ती थोडी पुढं सरकली. पण मी घाईघाईनं माइक चालू केला आणि म्हणाले, हेतूबद्दलचा हा सगळा भागच गैरलागू आहे, आधी कायदा कुठला ते ठरावं. बाईंनी मान हलवली आणि पुढं गेल्या.

पडदा बंद झाल्यावर ताई म्हणाली, "मला बोलू द्यायचं होतंस. त्या बाईला ऐकायचं होतं."

"ताई, तू गप्प बस आता. खरंच गप्प बस." मी फाइल टेबलावर आपटली. तिनं पदर खांद्यावर घेतला आणि स्टँडवर निघून गेली. मी सोडायलाही गेले नाही.

मग वाट बघणं. महिन्यांमागून महिने. ताई फोन करायची, केसचं विचारायची नाही, पण माझं बोलणं संपल्यावर फोन लगेच ठेवायची नाही. मी समजून घ्यायची आणि सांगायची, "नाही आलं अजून." मोंढ्यात तिचं गिऱ्हाईक कमी झालं होतं. जे येत होते ते पोतं उघडून बघत होते.

निवाडा आला तेव्हा मी कोर्टाच्या जिन्यात होते. मोबाइलवरच खाली खाली सरकवत गेले. आणि दिसलं! माझाच मुद्दा, जवळजवळ माझ्याच शब्दांत. कराराचा अर्थ एका कायद्यानं, परिणाम दुसऱ्या कायद्यानं. भारताचा कायदा लागू. झालेलं नुकसान द्यावं, दंडात्मक भरपाईची मागणी नामंजूर. मी जिन्यातच ओरडले. खाली उभ्या असलेल्या पक्षकारांना वाटलं, बाईंना काहीतरी झालं. बार रूममध्ये पेढे वाटले, स्टे घ्या म्हणणाऱ्या त्या ज्येष्ठांनी पाठ थोपटली, आणि मी दुपारच्या एसटीनं नांदेडला गेले. लातूर कोर्टातल्या एका वकिलीणबाईनं सिंगापूरचा लवाद जिंकला होता. मला कसं वाटत होतं ते सांगून समजणार नाही.

पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी थेट मोंढ्यातच गेले. म्हटलं, कळू दे सगळ्यांना. बातमी माझ्या आधी पोचली होती. शेजारचा व्यापारी हसत हसत आला, पेढा उचलला आणि ताईला म्हणाला, "सुटलात म्हणं बाई! चांगलं झालं. मोठा वकील घरातच असला की फिकीर नसते." मागून आणखी एकजण आला. "अभिनंदन, सुटलात." वाईट मनानं कुणी म्हणत नव्हतं. ताई प्रत्येकापुढं बॉक्स धरत होती. तिसऱ्यांदा सुटलात ऐकल्यावर तिनं बॉक्स माझ्या हातात दिला आणि आत जाऊन बसली.

मी मागोमाग गेले. "लोकांचं काय मनाला लावून घेतेस? तू फसवलं नाहीस, मला माहीत आहे ना."

"तू घरची हायस. घरच्याचं कोण धरतंय?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, आवाज खाली घेऊन, "वाच बरं. त्या बाईनं माझं काय लिहिलं ते वाच."

मी मोबाइल काढला. माझ्या विजयाचे परिच्छेद ओलांडून तिचं नाव शोधत गेले. तिचं नाव पुष्कळ ठिकाणी होतं, पण प्रतिवादी म्हणून. जे तिला हवं होतं ते एकाच ठिकाणी सापडलं. मी मराठी करून वाचलं, "भारतीय कायदा लागू होत असल्यामुळं प्रतिवादीच्या हेतूचा प्रश्न उद्भवत नाही."

"पुढं?"

"पुढं खर्चाचं आहे."

"न्हाई, माझं. माझं पुढं वाच."

"तुझं एवढंच आहे, ताई."

ती माझ्या मोबाइलकडं बघत राहिली, जसं काही त्यात अजून थोडं निघेल. बाहेर कुणीतरी पेढे संपले का म्हणून विचारत होतं.

"उद्भवत न्हाई म्हंजे काय गं?"

"म्हणजे, तू फसवलंस का नाही, ते ठरवायची गरज पडली नाही त्यांना."

"मला होती ना," ताई म्हणाली.